रजा मिळाली, परतीचं काय?

बाळंतपणाच्या रजेचा विषय निघाला की लोक थेट 2017 च्या सव्वीस आठवड्यांवर येतात. मला त्याच्या मागच्या नव्वद वर्षांबद्दल बोलायचं आहे. रजेवरून कामावर परतणाऱ्या बाईची आज जी कुचंबणा होते, तिची मुळं त्या काळात आहेत.

मी वऱ्हाडातल्या संग्रामपूरची. नोकरी पुण्यात, खाद्यपदार्थांच्या एका कंपनीच्या मार्केटिंग विभागात. वऱ्हाड आणि खानदेश हा माझा टापू. शेगाव, खामगाव, अकोट, भुसावळ इथल्या डीलरांशी बोलताना मी वऱ्हाडीवर येते आणि माल दोन पेट्या जास्त जातो, हे माझं भांडवल. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. सव्वा महिना बाजेवर, रोज तेल-मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे नि हाळिवाचे लाडू, पाचवीची पूजा. आईने काही म्हणता काही कमी केलं नाही.

हा सव्वा महिना आपण परंपरा म्हणून मिरवतो, पण तो सगळ्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. ज्या घरात दुसऱ्या हातांनी चूल पेटते आणि दुसऱ्या हातांनी शेत निघतं, त्या घरच्या बाळंतिणीची ती चैन. आमच्या तालुक्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा हिशेब वेगळाच होता आणि आजही आहे. मी रजेवर आहे आणि पगार चालू आहे, हे कळल्यावर शेजारची काकू म्हणाली, "तुले घरी बसून पगार भेटते पोरी, आमी घरी बसलो का चूल बंद."

वेचणीचं काम जवळून पाहिलं की तिच्या बोलण्यातलं गणित कळतं. कमरेला लुगड्याची किंवा जुन्या चादरीची ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा, ओटी भरली की गाठोड्यात रिचवायची. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि मजुरी किलोवर मिळते. तान्हं मूल शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. ते रडलं की आई तासातून उठून जाते, पाजते, परत येते. तेवढ्या वेळात शेजारणीची ओटी पुढे गेलेली असते. म्हणजे पोराला पाजण्याचे पैसे आईच्याच मजुरीतून कापले जातात. कुणी कापत नाही, काटाच कापतो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी दिली. ती कलमात आहे, धुऱ्यावर नाही.

कायद्याची गोष्ट सुरू होते ती गिरणीपासून. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर सहा आठवडे मिळावेत, असा ठराव तिथे झाला. हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला गेले होते. पुढे 1924 मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. दरम्यान मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करायला सांगितलं होतं. त्यांच्या पाहणीत दिसलं ते असं, की कामावर परतलेल्या आया मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देतात, आणि हे अपवादाने नाही तर सर्रास चालतं. बाळगोळीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आई परतली, तर मूल कुणापाशी? या प्रश्नाला त्या काळच्या मुंबईने दिलेलं उत्तर म्हणजे अफू.

1928 साली मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी मांडलेल्या प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. 28 जुलैला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा अनेकांना माहीत असतो. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मात्र फारसा कुणी सांगत नाही. लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी, तेव्हा या खर्चाचा भार सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं होतं. सरकार तयार नाही म्हणून मालकाने द्यावा, आणि बाईच्या कामातून नफा कमावणाऱ्या मालकाला त्यातून अंग काढून घेता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती.

1929 मध्ये कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, दिवसाला आठ आणे. पैसे मालकाच्या खिशातून. देशातला हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण आंबेडकरांनी अडचण म्हणून स्वीकारलेली सोय पुढे कायमची रीत होऊन बसली. 1920 च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. नंतरच्या दशकांत हे प्रमाण घसरतच गेलं. त्याची कारणं अनेक. नवी यंत्रं आली, रात्रपाळीत बायांना बंदी होती, तिसरी पाळी सुरू झाली. पण बाई ठेवली तर बाळंतपणाचा खर्च आपल्यावर, हा मालकाचा हिशेबही त्यात होताच.

1930 मध्ये मध्यप्रांतानेही स्वतःचा कायदा केला; वऱ्हाड तेव्हा त्याच्याच कारभारात होता. आमच्या भागातलं कारखान्याचं काम म्हणजे जिनिंग-प्रेसिंग. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगावचा कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. कापूस निवडायला, रेच्याला, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला, कापूस पुरवायला बाया लागत. पण जिन चालायचे हंगामापुरते. कायद्याची पकड मात्र वर्षभर एका जागी काम करणाऱ्या बाईवर. स्वातंत्र्यानंतर 1961 मध्ये देशभरासाठी एक कायदा झाला, बारा आठवड्यांची रजा ठरली, तरी मूळ अट होती मागच्या बारा महिन्यांत 160 दिवस काम केल्याची. दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात थंडावणाऱ्या जिनमध्ये एवढे दिवस भरायचे कसे? ही अट 80 दिवसांवर आली ती 1988 च्या दुरुस्तीने.

खर्चाची वाटणी वेगळी होऊ शकते, हे याच देशात सिद्ध झालं आहे. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचा पगार त्या सामाईक निधीतून जातो. बाई ठेवली म्हणून एका मालकाला वेगळा भुर्दंड बसत नाही. पण त्या योजनेला पगाराची मर्यादा आहे, 2017 पासून महिना 21 हजार रुपये. त्याच्या वर गेलं की बाईचा भार पुन्हा एकट्या कंपनीवर.

माझ्यासारख्यांची अडचण इथूनच सुरू होते. मार्केटिंग म्हणजे ओळखी आणि सातत्य. गिरणीतली बाई परतली की तिचं यंत्र जागेवर असायचं, आमचं यंत्र म्हणजे माणसं. ती सहा महिन्यांत दुसऱ्याची होतात. बाई 'चेहरा' म्हणून नोकरीत असेल तर काय होतं, हे आपण एअर इंडियाच्या प्रकरणात पाहिलं आहे. हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणीच नोकरीवरून काढण्याचा नियम होता. 1981 मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आता तसा नियम कुणी लिहीत नाही, लिहायची गरजही उरलेली नाही. मी परतले तेव्हा माझं पद होतं, पगार होता, टापू मात्र दुसऱ्याकडे होता. वर्षाच्या मूल्यमापनात टार्गेट बारा महिन्यांचं धरलं आणि विक्री माझ्या हातात होती तेवढ्याच महिन्यांची. कायदा कुठेही मोडला नव्हता.

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बाराची सव्वीस आठवडे केली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं केलं. रजा संपल्यावर घरून काम करण्याची वाटही दोघांच्या संमतीवर सोडली. पाळणाघराचं कलम हे मला बाळगोळीला मिळालेलं खरं उत्तर वाटतं. पैसे देण्याची रीत मात्र 1929 चीच राहिली. उलट मुदत दुपटीहून वाढल्याने मालकाचं ओझंही तेवढंच वाढलं. मालकांना काही आठवड्यांच्या पगाराची भरपाई देण्याचा विचार केंद्राच्या कामगार मंत्रालयाने 2018 मध्ये बोलून दाखवला होता. म्हणजे दुखणं कुठे आहे, हे सरकारलाही कळतं.

शेजारच्या त्या काकूच्या, वेचणीला जाणाऱ्या सुनेला यातलं काहीच लागू नाही. तिला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी आणि कागदपत्रं जुळली तर. तान्हं मूल घेऊन शेतातली वेचणी परवडत नाही म्हणून तालुक्यातल्या कितीतरी बाया बचत गटाकडे वळल्या. पापड, शेवया, मसाले घरच्या ओट्यावर करायचे आणि 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रदर्शनात विकायचे. घरच्या घरी काम ही वाट जुनीच आहे. 1959 मध्ये गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तोही याच सोयीवर वाढला. मूल मांडीजवळ राहतं हे खरं, पण गटातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा नसते. ती थांबली की तिची कमाईही थांबते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बाळंतपणाच्या रजेचा पगार सामाईक निधीतून गेला पाहिजे, पगाराची मर्यादा न लावता, आणि वेचणाऱ्या बाईलाही त्या निधीत जागा पाहिजे. मालकाच्या खिशाला तिच्या गरोदरपणाची झळ लागेल तोवर परतणाऱ्या बाईकडे खर्च म्हणूनच पाहिलं जाईल. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर माझ्या धंद्यातल्या मुलींना एवढंच सांगते: रजेवर जाण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. परतल्यावर कोणता टापू, टार्गेट किती महिन्यांचं आणि मूल्यमापन कोणत्या हिशेबाने. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.