पंचहौदांतील चहा

नाताळच्या सुटींत गारठा वाढला, कीं पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानदारी टापूंतील कित्येक घरीं हल्लीं प्रकृतीसाठीं हिरवा चहा घेतात. त्याचें झुडूप निराळें नव्हे. पत्ती खुडल्यावर लवकरच वाफ किंवा आंच दिली कीं ती हिरवी राहते. चुरडून हवेंत मुरूं दिली कीं काळी पडते. ऊन घोटानें घशास आराम पडतो, दूध-साखर टळते. सर्दी बरी होते, असें मात्र कोणीं समजूं नये.

गंमत अशी, कीं आज पथ्य म्हणून घेतात त्याच चहापायीं शेजारच्या पुण्यांत धर्म बुडाल्याची हाकाटी झाली होती! ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनांत जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी घोट घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं आणि ग्रामण्य पेटलें. आक्षेप पेयापेक्षां पाजणाऱ्या मिशनरी हातांवर होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. काशीस आपण प्रायश्चित्त घेतलें आहे, असें टिळकांनीं सांगितलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ मध्यें तें घेतलें, आणि विरोधकांपेक्षां त्यांचे सुधारक अनुयायीच अधिक हळहळले.