रजोनिवृत्तीची चाहूल आणि ‘पिशवी’ची घाई

चाळिशी उलटलेल्या स्त्रीची पाळी मागेपुढे होऊ लागली, की घरात दोनपैकी एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘या वयात व्हायचंच, अंगावर काढ’ हा पहिला. आणि ‘पिशवी खराब झाली असेल, काढून टाक’ हा दुसरा. भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांधीवर, विड्या वळणाऱ्यांच्या ओसरीत हे सल्ले जसे दिले जातात, तसेच ते नागपूर-पुण्याच्या सदनिकांतही दिले जातात. पहिल्या सल्ल्यापायी उपचार करण्याजोगा रक्तस्राव वर्षानुवर्षे सोसला जातो. दुसऱ्यापायी अनेकदा निरोगी अवयव गमवावा लागतो. शरीरात नेमके काय चालले आहे हे वेळेवर ओळखता आले, तर दोन्ही टळू शकते.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की वैद्यकशास्त्र त्याला रजोनिवृत्ती म्हणते. म्हणजे ‘पाळी गेली’ हे मागे वळून पाहूनच सांगता येते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७ वर्षे मानले जाते; पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. मात्र बदलांना सुरुवात त्याच्या चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही आधी होते. त्यामुळे भारतात एकेचाळीस-बेचाळीसाव्या वर्षी पहिली लक्षणे दिसणे अस्वाभाविक नाही. चाळीस ते पंचेचाळीस या वयात पाळी पूर्ण थांबल्यास ती लवकर आलेली रजोनिवृत्ती ठरते. चाळिशीच्या आत थांबल्यास मात्र तो निराळा विकार असतो आणि त्याची तपासणी व उपचार टाळू नयेत. कारण इतक्या लवकर इस्ट्रोजेन कमी झाल्यास हाडे व हृदय या दोहोंना धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी साधारण एक-दोन वर्षे आधी जाते, हेही सिद्ध झाले आहे.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे पाळी लवकर जाते, हा समज मात्र निराधार आहे. त्या शस्त्रक्रियेत बीजवाहक नळ्या बंद केल्या जातात. अंडाशयांचे काम पूर्ववत चालू राहते. ज्यांची ही शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यांनी पाळी अनियमित झाली म्हणून गर्भनिरोधन सोडू नये. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आल्यास त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आल्यास एक वर्ष काळजी घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे.

पहिल्या खुणा

सर्वांत विश्वासार्ह खूण पाळीच्या तारखांत सापडते. आधी नियमित असलेल्या चक्रात सात दिवसांहून अधिक फरक वारंवार पडू लागला, तर संक्रमणकाळ सुरू झाला असे समजतात. दोन पाळ्यांमधील अंतर साठ दिवस किंवा त्याहून जास्त होऊ लागले, की हा काळ उत्तरार्धात पोहोचलेला असतो. गंमत अशी, की सुरुवातीला पाळी लांबण्याऐवजी पुष्कळदा लवकर येऊ लागते. बावीस-तेवीस दिवसांनी आलेली पाळी पाहून ‘पाळी जाण्याचे वय अजून दूर आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दुसरी खूण म्हणजे अंगातून उठणाऱ्या वाफा. छातीतून उष्णतेची लाट निघते, मान व चेहऱ्यावर चढते, कातडी लाल होते, घाम फुटतो आणि तो ओसरताच कित्येकींना थंडी वाजते. हा प्रकार साधारण एक ते पाच मिनिटे टिकतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे नवतप्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो आणि स्त्रिया उन्हात राबतात, तेथे ही लाट ‘ऊन लागले’ या सदरात सहज जमा होते. फरक ओळखण्याची सोपी रीत आहे. उन्हाचा त्रास सावलीत बसल्यावर, पाणी प्याल्यावर हळूहळू उतरतो आणि सोबत डोकेदुखी, मळमळ ठेवून जातो. रजोनिवृत्तीची लाट काही मिनिटांत आपोआप जाते. आणि पौषातल्या पहाटे, पांघरुणातही येते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत अशा लाटा मध्यमानाने सुमारे सात वर्षे टिकल्याचे आढळले. त्यामुळे ‘सहा महिन्यांत थांबेल’ या आश्वासनावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

झोप मध्येच मोडणे, कारणाविना चिडचिड, छातीत धडधड, सांधे आखडणे, नाव किंवा वस्तू आठवेनाशी होणे ही लक्षणेही याच काळातली. योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीला जळजळ यांविषयी बोलले सर्वांत कमी जाते. लाटा कालांतराने थांबतात. हा कोरडेपणा मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो.

पण यातले प्रत्येक लक्षण रजोनिवृत्तीचेच असते असे नाही. धडधड आणि घाम थायरॉइडच्या विकारातही असतो. रात्रीचा घाम, सोबत बारीक ताप आणि उतरणारे वजन दिसल्यास क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. वारंवार लघवी होणे आणि थकवा ही मधुमेहाची सुरुवात असू शकते. पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्तीच्या निदानासाठी एफएसएच या संप्रेरकाच्या महागड्या चाचणीची बहुधा गरज नसते. या काळात ते दर महिन्याला वरखाली होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर या साध्या तपासण्या अधिक उपयोगी पडतात.

रक्तक्षय आणि सिकलसेल

भंडाऱ्यात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यात पूर्व विदर्भाचा हा पट्टा सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत काही चक्रांत बीज बाहेर पडत नाही, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग एकदम जास्त अंगावर जाते. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला हे झेपत नाही. ऐन रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभे राहिल्यावर येणारी घेरी, चढलेला दम, पायांचे गोळे यांचा दोष मग ‘वयाला’ दिला जातो. तपासले तर हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते.

येथे लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करणे बरोबर नाही. सिकलसेलच्या रुग्णातील रक्तक्षय लोहाअभावी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. आपण रुग्ण आहोत, वाहक आहोत की दोन्ही नाही, हे एकदा तपासून ठेवलेले बरे. विद्राव्यता चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, असा त्याचा क्रम असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचा भर चाळिशीच्या आतील लोकांच्या तपासणीवर आहे. पंचेचाळिशीची बाई त्यामुळे निसटून जाण्याची शक्यता असते आणि तिला तपासणी मागूनच घ्यावी लागते.

किती रक्तस्राव ‘जास्त’ मानावा? सात दिवसांहून अधिक काळ जाणे, मोठ्या गाठी पडणे, तासा-दोन तासाला पॅड वा कापड बदलावे लागणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसल्यासही तपासणी करावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागसुद्धा दुर्लक्षून चालत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पुष्कळदा याच खुणेने प्रथम कळतो.

‘पिशवी’ काढण्याआधी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या प्रकरणाने या प्रश्नाची दुसरी बाजू २०१९ मध्ये राज्यासमोर आणली. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यात मजुरीचा खाडा टाळण्याची सक्ती, मुकादमाचा दंड आणि कर्करोगाची घातलेली भीती, असे बरेच काही गुंतलेले होते. धानपट्ट्यातील परिस्थिती बीडसारखी नाही. पण पाळीच्या तक्रारीचे एकमेव उत्तर म्हणून शस्त्रक्रियेकडे पाहण्याची सवय एका जिल्ह्यापुरती नाही. देशात गर्भाशय काढलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर आहे आणि शस्त्रक्रियेचे मध्यमान वय अवघे ३४ वर्षे, असे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते.

या निर्णयाचे परिणाम रजोनिवृत्तीवर थेट होतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही. ती त्याच आठवड्यात येते, लाटा तीव्र असतात आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती काही वर्षे आधी थकण्याची शक्यता असते. शिवाय पाळीच नसल्याने तारखांची खूण उरत नाही. एखादीची चिडचिड, निद्रानाश आणि सांधेदुखी नेमकी कशामुळे आहे, हे मग कुणाच्याच ध्यानात येत नाही.

कर्करोग, इतर उपायांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी किंवा बरेच खाली आलेले अंग यांसाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते आणि त्या वेळी ती टाळणेही चूकच. केवळ पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा सोनोग्राफीत दिसलेली लहानशी गाठ ही कारणे सहसा पुरेशी नसतात. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी तांबीसारखी साधने हे पर्याय आधी विचारात घेतले जातात. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव असाधारण असेल, तर अस्तराचा तुकडा तपासून मगच पुढचे ठरवतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत मागणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे.

उपाय कोणते

अंगातून वाफा येणाऱ्यांसाठी संप्रेरकोपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग स्तनकर्करोग व हृदयविकाराच्या धोक्यामुळे थांबवण्यात आला आणि जगभर या औषधांची धास्ती बसली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मात्र मागे पडली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभ धोक्यापेक्षा जास्त, असे आता मानले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बरेचसे हटवण्याचे जाहीर केले. तरी ही औषधे दुकानातून स्वतः आणून घेण्याची नव्हेत. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. स्तनाचा कर्करोग, रक्तवाहिनीत गुठळी, यकृताचा आजार किंवा अनाकलनीय रक्तस्राव असल्यास ती सहसा दिली जात नाहीत. सिकलसेलच्या रुग्णांत गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून हा तपशील डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी लावण्याचे इस्ट्रोजेन मलम फार कमी मात्रेत काम करते.

जवसाची चटणी विदर्भात घरोघरी होते आणि ती खावीच. पण तिने लाटा थांबतात, हे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. दूध, दही, तीळ यांबरोबरच या तलावांच्या जिल्ह्यात काट्यासह खाल्ली जाणारी बारीक मासोळी हाही त्याचा चांगला स्रोत आहे. शहरातील बैठे काम करणाऱ्या स्त्रीने रोज चालावे आणि आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम करावा. दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला मात्र ‘व्यायाम करा’ असे सांगणे हास्यास्पद आहे. तिला पोटभर डाळ आणि दुपारची विश्रांती हवी. मन फार खचत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढील स्त्रियांसाठी रक्तदाब, मधुमेह तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी होते. तिथल्या परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला पाळीच्या बदलांविषयी सांगितल्यास ती पुढे ग्रामीण रुग्णालयात वा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात पाठवू शकते. जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती दिवस गेले आणि रोज किती कापडे वा पॅड लागली याची कॅलेंडरवर केलेली नोंद, जुन्या सोनोग्राफीचे कागद आणि आधी काही शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. ‘पिशवी’ काढलेल्या कित्येकींना आपली अंडाशये ठेवली की काढली, हे ठाऊक नसते. ते बहुधा त्या कार्डावर लिहिलेले असते.