घाटमार्ग, सहाण आणि चंदनोदक

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके रानाने समृद्ध असले, तरी चंदनाशी त्यांचा ऐतिहासिक संबंध रानाचा नसून वाटेचा आहे. साग, ऐन, खैर ही येथील वनसंपत्ती. चंदनाचा मुख्य प्रदेश म्हैसूरकडील कोरड्या टापूंचा. कल्याण बंदरी उतरलेला माल मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरास, तर शहापूरवरून थळघाटाने नाशिकाकडे जाई. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की, पूर्वेकडून सिंहलद्वीपी येणारे रेशीम, अगरू, लवंग व चंदन तेथून कल्याणसारख्या पेठांत जाते. कल्याणहून बाहेर जाणाऱ्या जिनसांत मात्र तो तांबे, लाकडाचे ओंडके व कापड यांचीच गणना करतो. तेव्हा चंदन ही या किनाऱ्याची निर्यात नसून आयात होती, आणि घाटमाथ्यावर ते याच वाटांनी चढले असावे, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

दुरून आलेली वस्तू बेतानेच वापरली जाते. सहाणेवर खोड उगाळून लागेल तेवढेच गंध घेण्याच्या रीतीमागे हा बेतही असावा. चरकसंहितेत चंदन वर्ण्य, कंडूघ्न व दाहप्रशमन या तिन्ही गणांत येते. ज्वरात देण्याच्या षडंगपानीयातही ते आहे. परंतु हे पाणी उकळलेले वा उगाळलेले. आज बाटलीतून विकले जाणारे चंदनजल पुष्कळदा ऊर्ध्वपातनात तेलाबरोबर उतरणारे पाणी असते, कधी तर केवळ सुगंध मिसळलेले. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढला. हे पाणी त्या तंत्राच्या कुळातील आहे, सहाणेच्या नव्हे. चरकाचा दाखला बाटलीवर छापणाऱ्यांना हा फरक सोयीचा नाही!

निर्धोकतेचा प्रश्नही येथेच वेगळा होतो. अशा पाण्यात तेलाचा अंश अत्यल्प असल्याने ते सामान्यतः सौम्य असते. पण परिरक्षक द्रव्य नसल्यास त्यात जंतू वाढू शकतात. सहाणेवरचे ताजे गंधही सर्वांस मानवते असे नाही. कपाळावरील गंधाने त्वचादाह झालेले रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने चंदनतेल व त्यातील सँटॅलॉल यांचा समावेश वेष्टनावर नमूद करावयाच्या सुगंधी द्रव्यांत केला. म्हणून नवे चंदनजल प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. उघड्या जखमेवर ते वापरू नये.