डेटाबेस इंडेक्स म्हणजे काय आणि तो कोणत्या कॉलमवर लावायचा?

चॅट उघडायला वेळ लागला की आपण लगेच म्हणतो, "फोन स्लो झालाय." मग जुने मेसेज डिलीट होतात, नव्या फोनचे भाव बघणं सुरू होतं. पण बऱ्याचदा दोष फोनचा नसतो, अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये योग्य इंडेक्स नसतो. तुम्ही स्वतः अ‍ॅप बनवायला शिकत असाल तर हे नीट समजून घ्या.

उदाहरणासाठी मी एसक्यूलाइट घेतोय. रिचर्ड हिप यांनी २००० साली बनवलेला हा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत असतो.

इंडेक्स म्हणजे काय?

लग्नातली आहेराची वही आठवा. पाहुणे जसे आले तशी नावं लिहिलेली. त्यात "जोशी" शोधायचे तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवावं लागतं. याला म्हणतात फुल स्कॅन. आता कोणी आडनावांप्रमाणे वेगळी यादी केली आणि प्रत्येक नावापुढे वहीतला पान नंबर लिहिला, तर ती यादी म्हणजे इंडेक्स.

एसक्यूलाइट ही यादी बी-ट्री या रचनेत ठेवतो. समजा, एका पानावर २०० नोंदी मावतात. मग तीन पायऱ्यांत २०० × २०० × २००, म्हणजे ८० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते.

मग सगळ्या कॉलमवर इंडेक्स लावायचा का?

नाही! नवीन मेसेज आला की मूळ टेबलासोबत प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. इंडेक्स जास्त, तर लिहिणं हळू आणि स्टोरेजही जास्त. म्हणून मी आधी कॉलम बघत नाही, क्वेरी बघतो. अ‍ॅप डेटाबेसला सारखं सारखं काय विचारतं, ते लिहून काढतो.

एक उदाहरण

प्रश्न असा: "या चॅटमधले शेवटचे ५० मेसेज दे."

- फक्त चॅटवर इंडेक्स: त्या चॅटचे सगळे मेसेज गोळा होतात, मग वेळेनुसार लावले जातात. मोठ्या ग्रुपला त्रास.
- फक्त वेळेवर इंडेक्स: सर्वात नव्या मेसेजपासून मागे जात प्रत्येक मेसेज तपासावा लागतो. बरेच दिवस शांत असलेल्या चॅटला त्रास.
- आधी चॅट, मग वेळ असा जोड इंडेक्स: थेट त्या चॅटवर उडी, मेसेज आधीच क्रमाने लावलेले, ५० उचलले की काम संपलं.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आडनाव आणि मग नाव अशा यादीत "जोशी सुनील" पटकन सापडेल, नुसता "सुनील" नाही. त्यामुळे "बरोबर इतकंच" अशी अट असलेला कॉलम आधी, आणि क्रम किंवा "पासून-पर्यंत" अशी अट असलेला नंतर.

हेही लक्षात ठेवा

- प्रायमरी की आणि युनिक कॉलमसाठी वेगळा इंडेक्स लागत नाही. फॉरेन कीच्या कॉलमवर मात्र एसक्यूलाइट आपोआप इंडेक्स बनवत नाही, तो तुम्ही लावायचा.
- बहुतेक मेसेज वाचलेलेच असतात, त्यामुळे "वाचला की नाही" यावर पूर्ण इंडेक्स नको. फक्त न वाचलेल्यांचा पार्शल इंडेक्स पुरतो.
- मेसेजच्या मधला शब्द शोधायला साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. त्यासाठी एफटीएस५ वापरा.

इंडेक्स वापरला जातोय का, हे कसं बघायचं?

क्वेरीच्या आधी "एक्सप्लेन क्वेरी प्लॅन" लिहून ती चालवा. उत्तरात "सर्च" आणि तुमच्या इंडेक्सचं नाव दिसलं तर छान. मोठ्या टेबलावर "स्कॅन" दिसलं तर सावध व्हा. "टेम्प बी-ट्री फॉर ऑर्डर बाय" दिसलं, तर क्रम लावायला वेगळी मेहनत होतेय.

आणि ही चाचणी ५० ओळींवर करू नका, तिथे सगळंच फास्ट वाटतं. खोट्या मेसेजच्या दोन-तीन लाख ओळी भरा आणि घरातल्या सर्वात जुन्या फोनवर अ‍ॅप चालवून बघा. तुमचं अ‍ॅप वापरणाऱ्या अनेकांकडे तसाच फोन असणार आहे.