५७ ग्रॅमची पाणपोई

पाणी ही मोठी हट्टी वस्तू आहे. साखर, तांदूळ, रॉकेल यांच्या मापात पाप करता येतं. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात आजवर कुणाला सूट मिळालेली नाही. डोंगरात हिंडणाऱ्याला दिवसाकाठी तीन-चार लिटर लागतं. तीन दिवसांची भटकंती म्हणजे पाठीवर दहा-बारा किलो नुसतं पाणीच! तेव्हा वाटेत मिळेल ते पाणी प्यायचं, ही प्रवाशांची फार जुनी रीत. आणि ते प्यायल्यामुळे पुढली वाट आडवं पडून काढायची, हीही तितकीच जुनी.

आमच्या शाखेतला कॅश काउंटरवरचा एक तरुण दुसऱ्या-चौथ्या शनिवारी न चुकता सह्याद्रीत जातो. परवा त्याने पिशवीतून एक निळी नळी काढून माझ्यापुढे धरली. बासरीपेक्षा जाड, आणि आखूड.

"सर, हिच्यातून ओढलं की डबक्यातलं पाणीसुद्धा चालतं."

"आणि डबक्यात म्हशी असल्या तर?"

"म्हशी वरच गाळल्या जातात, सर."

नळीचं वजन ५७ ग्रॅम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञान मला कळो न कळो, वाहतूक खर्च कळतो. एवढ्या स्वस्तात पाण्याची सोय जगाच्या इतिहासात कुणाची झाली नव्हती, राजेरजवाड्यांचीसुद्धा नाही.

इराणचा सम्राट सायरस स्वारीवर निघाला की खोआस्पिस नदीचंच पाणी प्यायचा. दुसरं चालत नसे. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की ते पाणी उकळून चांदीच्या भांड्यांत भरत आणि खेचरांच्या चारचाकी गाड्यांची रांग राजाच्या मागून चाले. आता त्या खेचरांनाही पाणी लागत असणार, तो खर्च हिरोडोटसने कुठल्या खाती टाकला ते समजत नाही. आपल्याकडे अकबराची तीच तऱ्हा. घरी असो की प्रवासात, बादशहा गंगाजलच पिणार. त्यासाठी गंगाकाठी विश्वासू माणसं नेमलेली, आणि घागरींवर मोहोर लावून पाणी रवाना होई. ऐन-इ-अकबरीत याची नोंद आहे. मोहोर आहे, पोचपावती आहे, म्हणजे रजिस्टर पोस्टानेच पाणी की!

मराठ्यांनी उलटा हिशेब केला. पाणी माणसामागे नेण्याऐवजी माणूस पाण्यापाशी नेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट सांगितलं आहे की आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. शिवाय एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात! इतका सावध माणूस आमच्या कर्ज विभागाला मिळता तर थकबाकी उरली नसती. गडावरची ती टाकी आजही पाणी देतात. फक्त त्यात आता शेवाळ, बेडूक आणि मागल्या रविवारच्या मंडळींनी टाकलेली वेफर्सची पाकिटं असतात. म्हणून ती नळी.

पण गाळायचं ही अक्कल फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यात निवळीचं बी आहे, गोमेद आहे, कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ, मोती, मणी आणि वस्त्र. यादी नीट पाहा. रत्नं लॉकरमध्ये, कमळं तळ्यात. मध्यमवर्गीयाच्या हाती उरलं फडकं! तेच टिकलं. जैन घरांत तर पाणी गाळून झालं की फडक्यात अडकलेले जीव परत त्याच पाणवठ्यात सोडायची पद्धत आहे. जगात गाळणाऱ्याने गाळलेल्याची एवढी चौकशी क्वचितच केली असेल.

आता नारूविषयी लिहिलंच पाहिजे, कारण या निळ्या नळीचं मूळ गोत्र तिथलं आहे. हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही, हे त्यांचं भाग्य. आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असे आणि ते पान आम्ही पटकन उलटत असू. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची अळी. पाण्याबरोबर ती माणसाच्या पोटात जाते आणि साधारण वर्षभराने, बहुधा पायातून, हातभर लांबीचा जंत बाहेर येऊ लागतो. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर भलतंच होतं. काडीला गुंडाळत, रोज बोटभर, असा आठवडे-आठवडे काढायचा. आग इतकी की माणूस पाय थंड करायला पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, आणि तिथेच जंत नव्या अळ्या सोडतो. गावाचा पाय आणि गावाचं पाणी यांचं हे चक्रवाढ व्याज! ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस खाटेवर.

यावर लस नाही, औषध नाही. १९८६ साली एकवीस देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. आणि उपाय काय, तर पाणी दुहेरी कापडातून गाळा आणि दुखरा पाय विहिरीत घालू नका. भारतात पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवले, घरोघर गाळणी वाटली. महाराष्ट्रातही नारू होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. २०२२ साली तर जगभर मिळून तेरा रुग्ण होते. ३५ लाखांवरून तेरा! फडक्याने केलेली कामगिरी आहे ही. याला कुठल्याही चौकात पुतळा नाही.

मात्र घरात फडकं बांधता येतं, रानात गुरांमागे हिंडणारा गुराखी हंडा कुठून आणणार? त्याच्यासाठी तोंडाशी बारीक जाळी लावलेली नळी निघाली. गळ्यात अडकवायची आणि पाण्यात बुडवून ओढायचं. २००१ साली सुदानात अशा लाखो नळ्या वाटल्या. त्याच वाटेने पुढे २००५ साली 'लाइफस्ट्रॉ' आली. गरीब गुराख्याच्या गळ्यातली नळी सुधारून शहरी गिर्यारोहकाच्या गळ्यात पडली. उलट दिशेचा प्रवास पुष्कळ वस्तूंनी केला आहे, हा मार्ग विरळा.

हल्लीच्या नळीत जाळीऐवजी पोकळ तंतूंचा जुडगा असतो. असेच तंतू १९६० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम मूत्रपिंडासाठी कामाला लावले गेले. म्हणजे आमचा कॅशियर राजगड चढतो तेव्हा दोन मूत्रपिंडं आत आणि तिसऱ्याचा चुलतभाऊ गळ्यात! तंतूंच्या भिंतीतली छिद्रं ०.२ मायक्रॉनच्या आसपास. पटकीचा, विषमज्वराचा जंतू तिथे अडतो. पटकी म्हटलं की जुन्या माणसांना पंढरीची वाट आणि दंडात टोचलेली सुई आठवते. हे अडवणं थोडंथोडकं नाही.

पण सगळंच अडत नाही. १८८४ साली पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शांबरलाँने चिनी मातीची गाळणी केली. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधल्या, रविवारी ब्रशने घासायच्या पांढऱ्या कँडल तिच्याच नात्यातल्या. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूचा रस तिच्यातून गाळला, तर गाळलेला रसही रोग देईना का! जे गाळणीला सापडलं नाही, त्याचं पुढे विषाणू असं नाव पडलं. काविळीचे विषाणू असेच. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तीही नळाचं, क्लोरीन घातलेलं पाणी पिऊन. म्हणून ज्या ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती आहे, तिथे नळीवर विसंबू नये. पाणी खळखळ उकळावं. शेतातल्या फवारणीची औषधंही तंतूंना जुमानत नाहीत. आणि हिमालयात नेलीच नळी, तर रात्री झोपताना अंथरुणात घ्यावी. आतलं पाणी गोठलं की तंतू तडकतात, आणि वरून ती शहाण्यासारखी दिसत राहते.

नळी परवडत नसेल त्याचं काय? बांगलादेशात पासष्ट गावांत रिटा कॉलवेल या अमेरिकन विदुषीने आणि सहकाऱ्यांनी बायकांना साडीची चौपट-आठपट घडी करून पाणी गाळायला शिकवलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव घडीत अडकतात. २००३ साली निकाल छापून आला, पटकी ४८ टक्क्यांनी कमी! त्यात एक बारकावा असा की साडी जुनी हवी. धुऊन-धुऊन धागे पिंजारतात, छिद्रं लहान होतात, त्यामुळे नवीपेक्षा जुनी सरस.

हा शास्त्रीय मुद्दा मी दिवाळीच्या तोंडावर घरी मांडला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "जुनी व्हायला आधी नवी घ्यावी लागते."