बाडांकाची कुळकथा

समर्थ संप्रदायावरचं कुठलंही जुनं संशोधन काढा, तळटिपेत ‘धुळे, बाड क्रमांक अमुक’ अशी नोंद हमखास भेटते. हा क्रमांक म्हणजे बाडांक. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी हस्तलिखितं जमवायला घेतली. ती आज धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

जमवणं एक, लावणं दुसरं. बाड म्हणजे शिवलेली वही. तिच्यात दासबोधाचे समास उतरवलेले, पुढे अभंग, आरत्या, मध्येच कुणाच्या हातचा औषधाचा पाठ. दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात चारी बाजूंनी कोरी जागा सोडायला सांगितली आहे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. किती दूरचा विचार! पण अशी वही ठेवायची कुठल्या विषयात?

अमेरिकेत मेल्विल ड्यूईने 1876मध्ये विषयाला दशांश अंक दिले. आपल्या वाचनालयांतल्या पुस्तकांच्या पाठीवर दिसणारा 891.46 त्याच घराण्यातला; मराठी साहित्याचा. छापील दासबोध तिथे बसतो, नाहीतर हिंदू धर्माच्या 294.5मध्ये, ग्रंथपाल ठरवेल तसं. बाडाला मात्र यातलं एकही घर पुरत नाही. म्हणून अंक वहीला द्यायचा आणि आत काय काय आहे ते सूचीत लिहायचं. अंकाने वही हाती येते, विषय सूची सांगते. माझ्या मते यात ड्यूईपेक्षा कमी डौल असेल, व्यवहार जास्त आहे.

ही रीत आपल्या दफ्तरांना नवी नव्हती. मोडी कागद रुमालात बांधून ठेवायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद अभ्यासक आजही रुमालाच्या क्रमांकाने मागतात. धुळ्यातच 31 डिसेंबर 1926ला वारलेल्या वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’च्या खंडांत पत्रापत्राला लेखांक दिला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. बाडांक, रुमाल, लेखांक ही एकाच कुळातली भावंडं. लेखकाने छापलेल्या पाठावर शंका आली, तर त्या अंकावरून मूळ वही मागवायची आणि ओळ ताडून पाहायची. पाठभेदाचे कितीतरी वाद त्याशिवाय नुसते ‘मी म्हणतो म्हणून’ चालू राहिले असते.