उष्ण झोताची नाडी

उन्हाळ्याच्या दुपारीं तापलेल्या माळापलीकडील झाड थरथरतांना दिसतें. झाड जागच्या जागीं स्थिर असतें. हलत असतात ते मधल्या हवेचे कमीअधिक तापलेले पुंजके. तेथेंच पाऱ्याचा उष्णतामापक टांगला, तर पारा मात्र जवळजवळ एकाच अंकावर स्वस्थ बसलेला आढळतो. पारा खोटें बोलत नाहीं. तो केवळ मंद आहे. कांच आणि पारा तापेपर्यंत उष्ण पुंजका निघून गेलेला असतो व हातीं लागते ती सरासरी. या सरासरीआड दडलेले चढउतार मोजण्यासाठीं शास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या खपल्या.

१८८३ सालीं मँचेस्टर येथें ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं कांचेच्या नळींतून वाहणाऱ्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. मंद प्रवाहांत ती सुतासारखी सरळ राहिली; वेग एका मर्यादेपलीकडे जातांच ती मोडली आणि साऱ्या नळींत पसरली. क्षुब्ध प्रवाहाचें स्वरूप अशा रीतीनें डोळ्यांना दिसलें. परंतु रंग दिसतो, उष्णता दिसत नाहीं. तिच्या मागें धांवूं शकेल असें हलकें साधन हवें होतें.

तें प्लॅटिनमच्या तारेंत सांपडलें. ही तार तापली कीं विजेस होणारा तिचा विरोध वाढतो. दर अंश सेंटिग्रेडला हजारीं सुमारें चार. या गुणावर ह्यू कॅलेंडर यांनीं १८८७ सालीं विश्वसनीय उष्णतामापक उभारला. पुढें १९१४ सालीं माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांतील एल. व्ही. किंग यांनीं, विजेनें तापविलेली बारीक तार वाऱ्यांत किती उष्णता गमावते, याचा नियम मांडला. त्यामुळें तारेवरून वाऱ्याचा वेग वाचण्यास पक्का आधार मिळाला. तरीही केसाहून बारीक तारेच्या अंगीं थोडें जाड्य उरतेंच. १९२९ सालीं अमेरिकेंत ड्रायडन व क्यूथी यांनीं ही उणीव भरून काढणारी विद्युत्-योजना वर्धक यंत्रास जोडली.

उष्ण झोतांत मात्र नवाच पेंच पडला. तार निवली, ती वारा वाढला म्हणून कीं हवाच थंड आली म्हणून? एकच साक्षीदार दोन जबान्या एका दमांत देत होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें उष्ण झोतांचा अभ्यास केलेले स्टॅन्ली कॉर्सिन यांनीं १९४९ सालच्या निबंधांत हा पेंच सोडविण्याची रीत दिली. तार पुष्कळ तापविली तर तिला वेगाचे फेरफार अधिक जाणवतात. अगदीं अल्प वीज सोडली तर ती केवळ उष्णतामापक राहते. एकाच झोतांत तारेची उष्णता बदलून मापें घेतलीं, तर वेगाचे चढउतार, उष्णमानाचे चढउतार आणि त्या दोहोंचा परस्परसंबंध हीं तिन्ही निराळीं काढतां येतात. अशा प्रयोगांत कॉर्सिन व महिंदर उबेरॉय यांना असें आढळलें कीं, झोतांतील उष्णता त्याच्या गतीपेक्षां अधिक रुंद पसरते.

या सूक्ष्म मापनाचें मोल प्रयोगशाळेबाहेरही आहे. १९९८ सालीं फ्रान्समधील सिव्हो अणुवीजकेंद्रांत, उष्ण व थंड पाणी जेथें मिसळत होतें त्या भागांतील पोलादी नळाला भेग पडून गळती झाली. केवळ उष्ण किंवा केवळ थंड पाण्यानें तें पोलाद भंगलें नसतें. दोहोंच्या अखंड आलटापालटीनें तें शिणून फाटलें. सरासरी उष्णमानाच्या आंकड्यांत हा धोका दिसत नाहीं. ज्वर किती आहे एवढेंच पाहून वैद्याचें भागत नाहीं, नाडीही पाहावी लागते. वाहत्या उष्णतेचेंही तसेंच आहे.